तीन फुटांचा नियम

आमच्या स्टेशनावर त्याला सगळे गजर म्हणत. पहिल्या वर्गाच्या प्रतीक्षालयात तो एकोणतीस वर्षे अटेंडंट होता आणि एवढ्या वर्षांत झोपेमुळे गाडी चुकली, मला उठवले नाही, अशी एकाही प्रवाशाची तक्रार आली नव्हती. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्टेशनच्या कचेरीत कारकून; तक्रारवही शेवटची बावीस वर्षे माझ्याच टेबलावर असे. पंखा बंद, नळाला पाणी नाही, खुर्चीत ढेकूण, अशा नोंदी पुष्कळ होत्या. गजरच्या नावावर एकही नव्हती.

त्याची पद्धत साधी होती. प्रवासी आत आला की तो विचारायचा, "कुठली गाडी?" उत्तर ऐकून म्हणायचा, "झोपा निर्धास्त." लिहून काही ठेवायचा नाही. गाडीला वीस मिनिटे उरली की त्या माणसाच्या पायाशी जाऊन उभा राहायचा आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हलकेच दाबायचा. हे त्याला त्याच्या आधीच्या अटेंडंटने शिकवले होते.

"खांद्याला हात लावला तर माणूस दचकतो, साहेब," तो मला सांगायचा. "मनगटाला लावला तर त्याला वाटतं, घड्याळ काढतोय. नुसती हाक मारली तर शेजारचे चार उठतात आणि हा घोरत राहतो. अंगठा दाबला की आपला आपण वर येतो, विहिरीतून बादली यावी तसा. शिवाय अंगठ्यावरून सगळं कळतं. झोप किती गाढ आहे, ताप आहे का, घेतलेली आहे का."

स्टेशनच्या मागच्या क्वार्टर्समध्ये आमची घरे भिंतीला भिंत लागून होती. वय जवळपास एकच. तरी मी त्याला अरे-तुरे करी आणि तो मला साहेब म्हणे. एकोणीस वर्षांच्या शेजारातही त्यात फरक पडला नाही.

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. आधी एका डोळ्याची, मग वर्षाच्या आत दुसऱ्याची. पण नवा माणूस घरात आला तर त्याला अर्धा तास ते लक्षातही येत नसे. खाटेपासून ओट्यापर्यंत सात पावले, ओट्यापासून मोरीपर्यंत चार, दारातून बाहेरच्या नळापर्यंत बारा. डबे कुठे, काडेपेटी कुठे, कुठली फरशी उचकटलेली आहे, सगळे त्यांच्या तळव्यांना पाठ. दुपारी भिंतीला हात लावत त्या आमच्याकडे येत आणि माझ्या बायकोशी दोन घटका गप्पा मारून तशाच परत जात. एकदा भावाच्या आग्रहामुळे त्या चार दिवस त्याच्याकडे राहून आल्या. आल्यावर मी विचारले, "कसा झाला पाहुणचार?" त्या म्हणाल्या, "कसला पाहुणचार, भावजी? चार दिवस खाटेवर बसून होते. पाणी हवं तरी हाक मारायची, मोरीत जायचं तरी हाक मारायची. पाहुणी नव्हते मी, गाठोडं होते."

तेव्हा नोकरीपेक्षा घर महत्त्वाचे होते, आणि घर नोकरीवर अवलंबून होते. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे कळेल.

दोन वर्षांपूर्वी प्रतीक्षालय बंद झाले. आठ महिने पत्रे ठोकून आत काम चालले होते. पत्रे निघाले तेव्हा आतून प्रीमियम लाउंज बाहेर आले. दुधी काचेचे दार, मोबाइलवरचा कोड दाखवला की आपोआप सरकणारे. जिथे लाकडी बाके होती तिथे मागे रेलणाऱ्या, पाय वर उचलून घेणाऱ्या चौतीस खुर्च्या. पायाखाली गालिचा. कॉफीचे यंत्र, आंघोळीच्या दोन खोल्या, भिंतीवर गाड्यांच्या वेळा दाखवणारा पडदा. काच इतकी जाड, की फलाटावर इंजिन आले तरी आत फक्त कपबशीचा आवाज. उद्‌घोषणा आत ऐकू येणार नाहीत अशी मुद्दाम व्यवस्था केलेली. पहिल्या दिवशी आमचा एक म्हातारा हमाल दार सरकले तेव्हा आत डोकावून म्हणाला, "आत बसायचं असेल तर आधी घरून आंघोळ करून यायला पाहिजे."

लाउंज एका खासगी कंपनीकडे दिलेले होते. आमच्या सात अटेंडंटांच्या जागा रद्द झाल्या. त्यातल्या दोघांना कंपनीने सहा महिन्यांच्या अजमाइशीवर घ्यावे, आणि अजमाइशीत टिकतील त्यांनी साठाव्या वर्षापर्यंत क्वार्टरमध्ये राहावे, असे ठरले. उरलेल्या पाच जणांनी महिनाभरात घरे खाली केली. दोघांतला एक गजर. त्याची कीर्ती लाउंजच्या मॅनेजरबाईंच्या कानावर गेली होती. बाई तिशीच्या, चटपटीत, बोलायला गोड. त्याला पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणत.

शिकवायला मुख्य कार्यालयातून एक माणूस आला होता. त्याने एका खुर्चीपासून मोजून तीन फुटांवर जमिनीला पांढरी पट्टी चिकटवली.

"आपल्या बुटाचं टोक या पट्टीच्या पुढे जाता कामा नये," तो म्हणाला. "हात पाठीमागे. गेस्टला, त्याच्या सामानाला, त्याच्या पांघरुणालासुद्धा स्पर्श नाही. गाडीला अर्धा तास उरला की हळू आवाजात सांगायचं, 'सर, आपल्या गाडीची वेळ झाली आहे.' तीनदा. मग टॅबवर 'सूचना दिली' हे बटण दाबायचं."

गजरने विचारले, "आणि तरी उठला नाही तर?"

"आपण सूचना दिली. पुढे गेस्टची मर्जी."

"झोपेतल्या माणसाला कसली मर्जी असते, साहेब?"

सगळे हसले. शिकवणाराही हसला. पण पट्टी तिथेच राहिली.

त्या रात्री गजर मला म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय."

दुसऱ्याच आठवड्यात हाताने दगा दिला. एक गलेलठ्ठ व्यापारी झोपला होता. गजरने तीनदा हाक मारली, चौथ्यांदा मारली आणि त्याच्याही नकळत हात पुढे जाऊन अंगठा दाबला गेला. व्यापारी टुणकन उठला, आभार मानले, धावत जाऊन गाडी पकडली आणि गाडीत बसून तक्रार पाठवली : कर्मचाऱ्याने झोपेत माझ्या पायाला हात लावला. मॅनेजरबाईंना वाईट वाटले. त्या म्हणाल्या, "काका, मी तुमच्या बाजूनं बोलले. पण माझ्या हातात एवढंच आहे." एवढेच म्हणजे लेखी ताकीद. स्पर्शाची दुसरी तक्रार आली की अजमाइश संपली, घरी.

ती ताकीद घेऊन तो आला तेव्हा मी वहिनींकडेच चहा पीत बसलो होतो. वहिनींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग त्या खाटेवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "चला, सराव करा. मी गेस्ट."

गजर हात मागे बांधून उभा राहिला. "मॅडम, आपल्या गाडीची वेळ झाली आहे."

"जाऊ दे ती गाडी. आधी चहा आण."

"मॅडम, आपल्या गाडीची वेळ झाली आहे."

"कुठं चाललेय मी?"

"तुमच्या भावाकडे."

"मग चुकू दे," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही तिघेही खो खो हसलो. हसू ओसरल्यावर त्या उठून बसल्या. "हात खरंच मागे ठेवलेत ना?"

"ठेवलेत."

"साडेपाच महिने ठेवा. मग काय दाबायचं ते दाबा."

त्याने ठेवले. लाउंजमध्ये तो उजव्या हाताचे मनगट डाव्या हाताने पाठीमागे घट्ट धरून फिरू लागला. घरी आला की मनगटावर वळ दिसायचे. दारावरचा त्याचा जोडीदार, आमच्यातलाच दुसरा अटेंडंट, त्याला चिडवायचा, "गजर, तुला काय अटक केलीय का रे?"

चौथा महिना चालू होता. मंगळवारी दुपारी सव्वा वाजता सत्तरीचे एक गृहस्थ आले. तपकिरी कोट, एक छोटी बॅग, पायात घट्ट बांधलेले बूट. खुर्चीत बसल्यावर बूट काढून त्यांनी ते जोडीने खुर्चीखाली ठेवले. त्यांची गाडी चार चाळीसची होती. गजरने पाणी आणून दिले तेव्हा ते म्हणाले, "अहो, मला जरा उठवाल का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"उठवतो, सर. झोपा निर्धास्त." हे शब्द त्याच्या तोंडून सवयीनेच गेले.

"नाही, नुसतं तसं नको. पक्कं सांगा. मुलीकडे चाललोय, दोन वर्षांनी. आमचं वाजलं होतं. म्हणजे मीच वाजवलं होतं. आता ही गाडी चुकली तर तिला वाटेल, म्हाताऱ्यानं मुद्दाम चुकवली."

"नाही चुकणार, सर."

"मला झोप लागली की मी दगड असतो. सोडू नका मला."

पावणेतीनच्या सुमारास गजर तिथून गेला तेव्हा ते झोपलेले होते. सव्वातीनला गेला तेव्हाही. मान डावीकडे, मोबाइल मांडीवर पालथा. लाउंजमध्ये मोबाइल मुका ठेवायचा नियम आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी तो पट्टीच्या जागी उभा राहिला. प्रत्यक्षात आता पट्टी नव्हती, पण ती कुठे असायला हवी ते सगळ्यांच्या पायांना कळत होते. "सर, आपल्या गाडीची वेळ झाली आहे." तीनदा. बटण दाबले. चार पंधराला पुन्हा. चार वीसला जरा मोठ्याने, तेव्हा पलीकडच्या बाईंनी डोळ्यांवरची पट्टी वर करून त्याच्याकडे पाहिले. त्याने मॅनेजरबाईंना शोधले. त्या मुख्य कार्यालयात बैठकीला गेल्या होत्या. दारावरच्या जोडीदाराला म्हणाला, "तू येऊन हलव ना त्यांना."

"मी कशाला? मला काय घर नाही?"

"अरे, त्यांनी सांगून ठेवलंय, सोडू नका म्हणून."

"तू बटण दाबलंस ना? मग झालं. गजर, एक ताकीद खिशात आहे तुझ्या. आपण बरं, आपलं काम बरं."

चार पंचवीस. चार तीस. त्याने मला नंतर सांगितले, की या वेळात हात तीनदा पाठीमागून सुटला होता. एकदा तर पायमोज्यापासून वीतभर अंतरावर गेला होता. तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आमच्या भिंतीला हात लावत चालणारी बायको आली आणि त्याने हात मागे ओढला. चार चाळीसला पडद्यावरून गाडीचे नाव गेले. तो तिथेच उभा होता. गाडी गेल्यावरही आणखी दोनदा म्हणाला, "सर, आपल्या गाडीची वेळ झाली आहे."

पाच वाजून पाच मिनिटांनी मॅनेजरबाई आल्या. त्यांनी एकदा पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. "काका, हे कधीपासून असे आहेत?"  गजर खाली वाकला आणि त्याने अंगठा धरला. दाबण्याची गरज पडली नाही.

डॉक्टरांनी सांगितले, मृत्यू तीनच्या आधीच आला असावा, झोपेतच, हृदय बंद पडून. म्हणजे गजर हाका मारत होता तेव्हा ऐकायला कोणी नव्हते. उठवले असते तर वाचले असते, असेही नाही. मी हे त्याला आकड्यांनी समजावून सांगितले : तीन आणि चार दहा, मध्ये सत्तर मिनिटे. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, साहेब. पण पावणेतीनला मी शेजारून गेलो. तेव्हा जिवंत होते की नाही? जुन्या खोलीत असतो तर जाता-जाता पाय सरळ करून ठेवला असता. कळलं असतं मला."



चौकशी होणार हे उघडच होते. दहा कर्मचारी असलेल्या लाउंजमध्ये एक माणूस दोन तास मेलेला बसून राहतो आणि कोणाला पत्ता लागत नाही, हे घरच्यांनी विचारले, वर्तमानपत्रानेही विचारले. शुक्रवारी कंपनीचे एक साहेब आले, टाय लावलेले. त्यांनी गजरला बंद खोलीत बसवून कॉफी दिली. गजर सांगत होता, त्या यंत्रातली कॉफी त्याने त्या दिवशी पहिल्यांदा प्यायली. साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, घाई नाही, घरी वाचा, उद्या सही करून आणा. जाता जाता आणखी म्हणाले, "अजमाइशीचे दोन महिने राहिलेत ना तुमचे? तेही बघून टाकू."

तो कागद घेऊन गजर संध्याकाळी माझ्याकडे आला. सगळ्या क्वार्टर्सचे अर्ज मीच लिहितो. कागदावर असे होते : "मी चार वाजून दहा मिनिटांनी सदर प्रवाशास त्यांच्या गाडीची सूचना दिली. त्यांनी डोळे उघडून 'राहू द्या, मी पुढच्या गाडीने जाईन' असे सांगितले. त्यामुळे मी त्यांना पुन्हा त्रास दिला नाही."

मी चष्मा काढला. "हे वाक्य तू ऐकलंस?"

"मेलेला माणूस काय बोलणार, साहेब?"

"मग?"

"मग घर."

मी त्याला म्हणालो, की डॉक्टर तीनच्या आधी म्हणतात आणि हा कागद चार दहा म्हणतो. तो म्हणाला, हे मीही विचारलं. तर साहेब म्हणाले, डॉक्टर 'असावा' म्हणतात, तुम्ही 'आहे' म्हणा.  भिंतीपलीकडे वहिनी भांडी लावत होत्या. एकेक डबा आपल्या जागी ठेवल्याचा आवाज येत होता.

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," गजर म्हणाला. "तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

 कागदात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या आणि माझे पेन त्याच्या हातात दिले. त्याने सही केली. वहिनींना आम्ही एवढेच सांगितले, की चौकशीची नेहमीची सही आहे.

अकराव्या दिवशी कायम केल्याचे पत्र आले. साठाव्या वर्षापर्यंत क्वार्टर पक्के. वहिनींनी ते पत्र हातात घेऊन चारी कडांवरून बोट फिरवले आणि डाळीच्या डब्याखाली ठेवले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी, मी त्यांच्याकडे बसलो असताना, दारात एक पस्तिशीची बाई उभी राहिली. "लाउंजमध्ये काम करणारे काका इथेच राहतात का? मी त्या... मी त्यांची मुलगी."

गजर उठून उभा राहिला. वहिनींनी खुर्चीकडे हात केला. खुर्ची बरोबर तिथेच होती. "बसा ताई. पाणी देते."

ती बसली. पर्समधून तिने घडी घातलेला कागद काढला. त्याच कागदाची प्रत होती.

"मला भांडायचं नाही, काका," ती म्हणाली. "मी फक्त विचारायला आले. बाबा शेवटचं तुमच्याशी बोलले. ते कसे बोलले? म्हणजे, कुठल्या आवाजात?"

गजर म्हणाला, "ताई, झोपेत होते..."

"नाही, इथं लिहिलंय, डोळे उघडले. राहू द्या, पुढच्या गाडीने जाईन. ते रागात होते का?"

"नाही, राग नव्हता."

"मी तीन दहाला फोन केला. मग तीन चाळीसला. मग चारला. म्हणजे चार दहाला जागे झाले तेव्हा समोर माझे तीन फोन दिसले असणार. आणि ते म्हणाले, पुढच्या गाडीने जाईन. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी आहे, काका." तिने कागदाची घडी पुन्हा घातली. "भाऊ म्हणतो, हेच ते. दारापर्यंत आले आणि मागे फिरले. तुला शेवटपर्यंत माफ केलं नाही त्यांनी. सगळे तसंच म्हणतात. मी म्हटलं, ज्यांनी ऐकलं त्यांनाच विचारून येते."

गजर म्हणाला, "फोन मुका होता. त्यांना कळलंच नसेल."

"जागे झालेल्या माणसाला? मांडीवरचा फोन?"

 वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन मध्येच थांबल्या होत्या. गजरने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

"ताई," तो म्हणाला, "ते काही बोलले नाहीत."

"म्हणजे?"

"चार दहाला ते नव्हतेच. तुमचा पहिला फोन आला तेव्हाही नव्हते. कागद खोटा आहे. माझ्याशी ते बोलले ते दीड वाजता." आणि मग त्याने तिला सगळे सांगितले, एकही शब्द न गाळता. आमचं वाजलं होतं, म्हणजे मीच वाजवलं होतं. गाडी चुकली तर तिला वाटेल मुद्दाम चुकवली. सोडू नका मला.

ती खुर्चीवरून खाली फरशीवर बसली. "मीच वाजवलं, असं म्हणाले?"

"हेच शब्द."

ती रडली. बराच वेळ रडली, तोंडावर ओढणी दाबून. मग तिने डोळे पुसले आणि तिचा आवाज निराळाच झाला. "आणि तुम्ही चार दहापासून पाच वाजेपर्यंत माझ्या मेलेल्या बापाशी लांबून बोलत होतात? एक हात नाही लावलात?"

"नाही लावला."

"का?"

"हात लावला असता तर हे घर गेलं असतं."

तिने घराकडे पाहिले. दोन खोल्या, खाट, ओटा, डब्यांची रांग. तिला काही समजले असेल असे वाटत नाही. ती म्हणाली, "मला हे लिहून द्या."

तेव्हा वहिनी बोलल्या. त्यांना त्या कागदातले काहीच माहीत नव्हते; आत्ता ऐकले तेवढेच. "ताई, खरं काय ते कळलं ना तुम्हाला? मग कागद कशाला? मी हात जोडते. ते लिहून देतील आणि आम्हाला उद्या बाहेर काढतील. मला दिसत नाही हो. मला हे एकच घर दिसतं."

मुलगी दचकली. तिच्या खरोखरच ध्यानात आले नव्हते. ती वहिनींकडे बघत राहिली, मग अगदी हळू म्हणाली, "माझ्या तोंडचं कोणाला पटणार नाही, मावशी. त्यांना वाटेल, मीच मनाचं सांगतेय. बाबांच्या नावानं हे वाक्य कायमचं राहील."

"राहू दे की! गेलेल्या माणसाला काय त्याचं?"

"मला आहे ना."

गजर त्या दोघींच्या मध्ये उभा होता. आज लाउंज नव्हते, मालक नव्हता, तरी त्याचे हात पाठीमागे होते. मी मनात म्हणत होतो, की या बाईने आता निघून जावे. हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण ती गेली नाही, रडलीही नाही, नुसती थांबली.

गजर म्हणाला, "साहेब, कागद आणा."

"अहो!" वहिनी ओरडल्या. "माझं ऐका. एकदा तरी माझं ऐका."

"त्यांनी मला सांगितलं होतं, सोडू नका," तो म्हणाला. "मी सोडलं. वर त्यांच्या तोंडी नाही ते घातलं."

मी कागद आणला. मजकूर त्याने सांगितला, मी लिहिला. या वेळी दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. तो सही करत असताना वहिनींनी त्याचा हात धरायला आपला हात पुढे केला, पण गजर खाटेजवळच्या नेहमीच्या जागी नव्हता, माझ्या बाजूला सरकला होता. त्यांचा हात हवेत फिरला. मुलीने कागद घेतला. आभार मानले नाहीत. जाताना वहिनींपाशी क्षणभर थांबली आणि गेली.

दहाव्या दिवशी कंपनीचे पत्र आले. एकाच घटनेबद्दल परस्परविरोधी दोन निवेदने दिल्यामुळे कर्मचाऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही, सबब सेवा समाप्त. दोन्ही कागदांवर अक्षरशः माझा हात फिरला होता, पण माझे नाव कुठेच नव्हते. क्वार्टर तीस दिवसांत सोडायचे होते. मी मुदतवाढीचा अर्ज लिहिला, वहिनींच्या अंधत्वाचा दाखला जोडला, स्वतः तीन टेबलांवर नेऊन दिला. पंधरा दिवस वाढवून मिळाले. मुलीला हे कळवावे का, असे मी गजरला विचारले. तो म्हणाला, "कशाला? तिनं काय करायचं?"

लाउंज चालू आहे. तीन फुटांचा नियमही आहे. त्यात एक भर पडली आहे : तीन सूचनांनंतर गेस्ट न उठल्यास मॅनेजरला फोन करावा. दारावरचा जोडीदार आता गजरच्या जागी आत फिरतो.

त्यांना जागा मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, मोरी मजल्याच्या शेवटी, सगळ्यांना मिळून एक. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. गजरला एका गोदामावर पहाऱ्याचे काम मिळाले आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो ते दुपारी, तो कामावर असताना. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, पाय वर घेऊन. खाटेच्या पायापासून दारापर्यंत आणि दारापासून मोरीपर्यंत त्याने नायलॉनची दोरी ताणून बांधली होती आणि वळणावर गाठी मारल्या होत्या.

"कोण?"

"मी, वहिनी."

"या भावजी. चहा नाही विचारत." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्यांनी केलं ते बरोबर असेल. पण मला विचारू नका."

 ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणजे त्या बोलत नाहीत. तो सकाळी तांब्या भरून उशाशी ठेवतो, झाकण घातलेले ताट ठेवतो, कुठे काय आहे ते सांगतो आणि जातो. मी निघताना दोरीवरून हात फिरवला. पांढरी होती, बांधून दोन महिने झाले होते, आणि तिला अजून कोणाच्या हाताचा मळ लागला नव्हता.